ओंडक्यातली धनेशीण

एक होता राजा. हो, राजाच. दिगू, वाघाची गोष्ट काल झाली, आज वाघाला सुट्टी. आज राजा आहे, राणी आहे आणि एक पक्षी आहे. आधी पाय पांघरुणात घे, गार पडलेत. पमे, तू पलीकडे सरक, छबूला जागा दे. हं, आता ऐका.

तर एक होता राजा. त्याचं नाव रणधीर. नाव रणधीर, पण पाल दिसली की पलंगावर चढायचा. हसू नका, राजा झाला म्हणून काय झालं, माणूसच तो. त्याचं राज्य होतं डोंगराच्या पायथ्याशी. एवढंसं राज्य! कोंबडा आरवला की साऱ्या राज्याला ऐकू यायचा. राजाची राणी होती सुरंगा. आणि राजाची आई होती, तिला सगळे थोरल्या राणीसाहेब म्हणायचे. थोरल्या राणीसाहेब बोलायला लागल्या की वाड्यातली मांजरंसुद्धा शेपूट आवरून बसायची.

बरं का, त्या राजाराणीला मूलबाळ नव्हतं. पुष्कळ वर्षं नव्हतं. नवस झाले, सायास झाले, उपासतापास झाले. आणि मग एकदाचे राणीला दिवस राहिले. काय तो आनंद! राजानं स्वतः दारोदार साखर वाटली. थोरल्या राणीसाहेबांनी मात्र साखरेचा कण तोंडात टाकला नाही. म्हणाल्या, "बाळ सुखरूप हाती येऊ दे, मग खाईन."

आता त्या राज्यात एक रीत होती. राजाच्या बाळाचा पाळणा करायचा तो देवराईतल्या शिवणीच्या लाकडाचा. देवराई म्हणजे देवाचं रान. तिथली काडीसुद्धा कुणी मोडत नाही. पण राजाच्या घरी पाळणा हलायचा असला, तर देवापुढे नारळ ठेवून एक झाड मागून घ्यायचं. आणि त्या झाडाला कुणाची दृष्ट लागता कामा नये! म्हणून कुऱ्हाड घालायच्या आधीच ते लुगड्यांनी गुंडाळायचं, खालपासून वरपर्यंत. गुंडाळणाऱ्यांनीसुद्धा मान वळवून गुंडाळायचं. मग तोडायचं, ओंडका तसाच झाकलेला आणायचा आणि राणीच्या खोलीत भिंतीशी ठेवायचा. का? तर म्हणे, लाकडाला आईच्या आवाजाची ओळख व्हायला हवी. बाळ जन्मलं की सुतारानं लुगडी सोडायची आणि करवत लावायची. त्याआधी कुणी उघडून बघितलं, तर बघणाऱ्याची नजर थेट बाळाला लागते, असं म्हणायचे. आता कुणी म्हटलं होतं, कधी म्हटलं होतं, मला विचारू नका. रीत म्हटली की लोक मान हलवतात आणि पुढे जातात.

मग काय झालं, राजाची माणसं गेली देवराईत. नारळ ठेवला. चांगली कवेत न मावणारी जुनी शिवण बघितली. म्हणजे बघितली कुठली, चाचपली! माना वळवून गुंडाळली, तोडली, बैल जुंपले आणि ओढत ओढत वाड्यावर आणली.

आता कान इकडे करा. राजाला ठाऊक नव्हतं, राणीला ठाऊक नव्हतं, पण मी तुम्हाला सांगते. त्या शिवणीला एक ढोली होती. आणि त्या ढोलीत एक धनेशीण आपलं पिल्लू घेऊन बसली होती.

धनेश माहीत आहे ना? मोठ्ठा पक्षी. उडाला की लोहाराच्या भात्यासारखा आवाज येतो पंखांचा. चोच ही एवढी, पिवळी, बाकदार. आणि त्या चोचीवर आणखी एक चोच ठेवल्यासारखी दिसते. तर त्या धनेशाची बायको अंडी घालायची झाली की ढोलीत शिरते आणि दार लिंपून घेते. आतून, बरं का! साप नको, माकड नको, कुणी नको. एक बारीकशी फट तेवढी ठेवते, चोच निघेल इतकी. आत बसली की तिची पिसं गळतात. उडायचं म्हटलं तरी उडता येत नाही. मग तिला खायला कोण घालतं? धनेश घालतो. दिवसभर रान पालथं घालतो, उंबरं गोळा करतो आणि फटीतून एकेक भरवतो. तो आला नाही तर ती उपाशी, आणि पिल्लूही उपाशी.

काय म्हणालीस पमे? ती ओरडली का नाही? शहाणी आहेस. अगं, ओरडली तर साप ऐकेल ना! आत बसलेल्या बाईनं चिडीचूप राहायचं आणि नवऱ्याची वाट बघायची, एवढंच तिला ठाऊक. झाड पडलं, गडगडलं, फरफटलं, तरी ती बिचारी पिल्लाला पोटाशी धरून गप्प बसली.

आणि धनेश कुठे होता? उंबरं आणायला गेला होता. गळाभर उंबरं घेऊन परत येतो तर काय? झाडच नाही! नुसता बुंधा उरलेला आणि भोवती ढलप्या पडलेल्या. फिरला, फिरला, तिथंच फिरत राहिला. मग त्याला खाली मातीत ओंडका ओढल्याचा चर दिसला. त्या चरावरून उडत उडत तो निघाला, तो थेट राजवाड्याशी आला.

राणीच्या खोलीला एकच खिडकी होती. तिला नक्षीची लाकडी जाळी, आणि बाहेरून दारं. राणी आत बसून बाळाच्या कुंचीला टाके घालत होती. भस् भस् भस् आवाज आला. राणीनं वर बघितलं, तर खिडकीबाहेर हा एवढा पक्षी! लाल डोळे, पिवळी चोच, खिडकी सगळी भरून गेलेली. राणीची सुईच पडली हातातली. आणि धनेशानं काय केलं? जाळीतून चोच आत घातली आणि चौकटीवर एक पिकलेलं उंबर ठेवलं.

थोरल्या राणीसाहेब धावत आल्या. उंबर बघून त्यांनी गालावर बोटंच ठेवली. "अगं सूनबाई, रानानं तुझी ओटी भरली! पदर पुढे कर." मग काय, उंबर पदरात पडलं आणि राणीनं ते खाल्लं. सगळं खाल्लं! धनेश बघतच राहिला. त्यानं दुसरं ठेवलं, ते दाईनं प्रसाद म्हणून खाल्लं. तिसरं ठेवलं, ते राजानं खाल्लं. गावातल्या बायका हळदीकुंकवाची तबकं घेऊन आल्या आणि धनेशाच्या कपाळाला कुंकू लावायला बघू लागल्या. आणि आत, चार हातांवर, ती उपाशी बसलेली. तिचा घास ह्या लोकांच्या पोटात! चीड येते ना? मलासुद्धा येते, दर वेळी येते.

मग धनेश गेला. त्याला वाटलं, आपल्या बायकोला उंबर नको असेल. काहीतरी चांगलंचुंगलं न्यावं. म्हणून दुसऱ्या खेपेला त्यानं काय आणलं माहीत आहे? सरडा! चांगला गुबगुबीत सरडा. धनेशाच्या घरी ते पक्वान्न, बरं का. आला खिडकीशी आणि आत टाकला, थेट राणीच्या अंथरुणाजवळ.

असा गोंधळ झाला म्हणता! दाई किंचाळली. तबकं उलटली. राजा एका उडीत राणीच्या पलंगावर. राणी म्हणाली, "अहो, मी आहे इथे, जरा सांभाळून!" सरडा बिचारा कोपऱ्यातून निघून गेला. आणि थोरल्या राणीसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "अपशकुन," त्या म्हणाल्या. "बंद करा ती खिडकी." मगाशी ओटी, आता अपशकुन. पक्षी तोच, बरं का! धाडकन दारं लावली. खोलीत अंधार झाला.

धनेश मग तिसऱ्यांदा आला. या वेळी चोचीत काही नव्हतं. खिडकीच्या बंद दारावर तो चोचीनं ठोकू लागला. ठक्, ठक्, ठक्. थोडं थांबायचा, कान द्यायचा आणि पुन्हा ठक्, ठक्, ठक्. राजा चिडला. म्हणाला, "आता याला हाकलतोच!" आणि गोफण घेऊन अंगणात उतरला.

छबू, रडू नकोस. इकडे ये माझ्या कुशीत. अजून काही झालेलं नाही.

खोलीत राणी होती आणि थोरल्या राणीसाहेब होत्या. बाहेरून आवाज आला, ठक्, ठक्, ठक्. आणि मग खोलीच्या आतून, भिंतीकडून आवाज आला, टुक्. अगदी हळू. कुणी नखानं टिचकी मारावी तसा. राणीनं श्वास धरला. बाहेरून ठक्. आतून टुक्. राणी उठली. जड पावलांनी गेली, त्या झाकलेल्या ओंडक्याला कान लावला. आत एक बारीक चिवचिव होती, आणि ती चिवचिव कुणीतरी गप्प करत होतं.

"सासूबाई," राणी म्हणाली, "यात कुणीतरी आहे. लेकरू आहे." आणि तिनं लुगड्याच्या गाठीला हात घातला.

थोरल्या राणीसाहेब मध्ये येऊन उभ्या राहिल्या. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी हात जोडले. अगं, सासूनं सुनेपुढे हात जोडले! म्हणाल्या, "पोरी, उघडू नकोस. मी उघडलं होतं."

मग त्यांनी सांगितलं. रणधीरच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. तेव्हा त्या अगदी पोरसवदा होत्या. आपलं बाळ कशात निजणार, बघावं तरी, म्हणून त्यांनी लुगड्याचा एक कोपरा उचलून बघितलं. कुणाला कळलंही नाही. बाळ झालं, पण त्यानं एकदाही टाहो फोडला नाही. "माझ्या नजरेनं गेलं ते," थोरल्या राणीसाहेब म्हणाल्या. "तेव्हापासून मी कुठल्या लेकराकडे धड बघितलेलं नाही. रणधीरला वाढवला तो मान वळवून. दूध पाजलं ते भिंतीकडे बघत. तू माझ्यासारखं करू नकोस गं."

राणीला रडू कोसळलं. घाबरली ती, खूप घाबरली. इतक्या वर्षांनी पोटात बाळ आलेलं. तिनं पोटावर हात ठेवला. आणि आतून पुन्हा आलं, टुक्.

"सासूबाई," ती म्हणाली, "मला भीती वाटते. पण ऐकून न ऐकल्यासारखं केलं, तर उद्या माझ्या बाळाला कोणत्या तोंडानं जवळ घेऊ?" आणि तिनं गाठ सोडली. थोरल्या राणीसाहेबांनी डोळ्यांवर पदर ओढला.

एक लुगडं सुटलं. दुसरं सुटलं. तिसरं सुटलं, आणि खाली दिसली ढोली. लिंपलेली, नीट सारवलेली. मधोमध एक फट, आणि त्या फटीतून चोचीचं टोक बाहेर आलं. अर्धवट उघडी, थरथरती चोच.

"अगं बाई," राणी म्हणाली, "ही तर माझ्यासारखीच बसलीय!" आणि एकदम तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उंबर कुणाचं, सरडा कुणाचा, ठकठक कशासाठी, सगळं कळलं. तिनं धावत जाऊन खिडकीची दारं ढकलली. बाहेर राजानं गोफण फिरवायला सुरुवात केली होती. राणी ओरडली, "अहो, मारू नका! त्याची बायको आपल्या घरात आहे!"

राजा तसाच थांबला. गोफणीतला दगड सुटला तो त्याच्याच पायावर पडला. बरं झालं, नाही? राजा लंगडत वर आला. ओंडक्याकडे बघितलं, चोचीकडे बघितलं आणि त्यानं खिडकीच्या जाळीला हात घातला. आजोबा-पणजोबांच्या वेळची नक्षी होती ती. दोन्ही हातांनी धरली आणि काडकन उपटून काढली.

भस् भस् भस् करत धनेश आत आला. कुणाकडे बघितलं नाही त्यानं. ओंडक्याला नखं रोवून बसला, मान मागे टाकली, गळ्यातून एक उंबर वर काढलं आणि फटीत धरलं. आतल्या चोचीनं ते अलगद घेतलं. मग दुसरं. मग तिसरं. मग आतून बारीक आवाज आला, पिल्लाच्या खाण्याचा. राणी तिथंच जमिनीवर बसली आणि हसत हसत रडली. म्हणाली, "आणि मेल्यांनो, आपण तिची उंबरं खाल्ली!" राजा लंगडत गेला आणि स्वतः झाडावर चढून टोपलीभर उंबरं काढून घेऊन आला. मुंग्या चावल्या त्याला, पण तक्रार केली नाही.

झालं. धनेशीण जगली, पिल्लू जगलं. पण अजून राणीचं बाळ यायचं होतं ना? सगळा वाडा दबक्या पावलांनी चालू लागला. राणीनं उघडून बघितलं होतं, सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोलत नव्हतं, पण मनात तेच. लुगडी सुटलीच आहेत म्हणून सुतार आधीच करवत घेऊन आला, त्याला राणीनं परत पाठवलं. "मग पाळणा कशाचा करू, राणीसाहेब?" तो म्हणाला. राणी म्हणाली, "पाळणा नको. झोळी बांधू. तुझी लेकरं नाही झोळीत वाढली?"

आणि एके दिवशी दुपारी राणीच्या पोटात दुखू लागलं. दाई आत, बाकीचे बाहेर. राजा अंगणात येरझाऱ्या घालतोय. थोरल्या राणीसाहेब दाराला पाठ लावून बसल्या, देवाचं नाव घेत. आतून धनेशाच्या पंखांचा आवाज येत होता. जायचा, यायचा, भरवायचा. त्याला काय त्याचं! दुपार टळली. उन्हं कलली. आणि मग आतून असा टाहो ऐकू आला, असा टाहो, की छपरावरची कबुतरं उडाली!

मुलगी झाली. गुटगुटीत, काळ्याभोर जावळाची. दाईनं न्हाऊमाखू घातलं, गुंडाळलं आणि थोरल्या राणीसाहेबांना आत बोलावून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी हात पुढे केले आणि मान भिंतीकडे फिरवली.

"सासूबाई," राणी पडल्या पडल्या म्हणाली, "मी ओंडका उघडून बघितला. पोरीला काही झालं नाही. आता तुम्ही बघा की."

थोरल्या राणीसाहेबांनी हळूहळू मान वळवली. बघितलं. कपाळ बघितलं, नाक बघितलं, इवल्या इवल्या मुठी बघितल्या. डोळे भरून बघितलं. पोरीनं एक शिंक दिली आणि जांभई दिली. बस्स, एवढंच झालं. आणि थोरल्या राणीसाहेब अशा रडल्या, अशा रडल्या! "म्हणजे माझ्या नजरेनं नव्हतं गं गेलं माझं बाळ," त्या म्हणाल्या. "नव्हतं गेलं." पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिल्या. राणीनं त्यांचा हात घट्ट धरून ठेवला.

तेवढ्यात राजा दारात आला, घाबराघुबरा. थोरल्या राणीसाहेबांनी वर बघितलं. सरळ त्याच्या तोंडाकडे बघितलं, जन्मात पहिल्यांदा. एवढा मोठा दाढीमिशांचा राजा, पण लहान मुलासारखा उभा राहिला तो. त्या बघत राहिल्या, बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, तुझ्या गालाला खळी आहे! मला माहीतच नव्हतं."

आणि मग त्यांनी दाईकडे साखर मागितली आणि मूठभर तोंडात टाकली.

पुढे काय होणार? पोरीची झोळी बांधली थोरल्या राणीसाहेबांच्या मऊ लुगड्याची, त्याच ओंडक्याशेजारी. रडायला लागली की धनेशाच्या पंखांचा आवाज ऐकून गप्प व्हायची. मग एका सकाळी धनेशिणीनं आतून लिंपण फोडलं, ठक् ठक् करून, आणि बाहेर आली. नवी पिसं फुटली होती तिला. मागून पिल्लू आलं, गोलमटोल, चोच अजून मऊ. तिघं खिडकीत बसली. मग आधी आई उडाली, मग बाप, आणि पिल्लू जरा घाबरलं, जरा डुगडुगलं आणि उडालं. देवराईत गेली ती. अजूनही कधी झाड मागायची वेळ आली, तर त्या राज्यातली माणसं आधी झाडाकडे वर मान करून नीट बघतात, प्रत्येक ढोली बघतात. लुगडी बिगडी गुंडाळत नाहीत.

तर धनेश त्याच्या घरी गेला, राजा त्याच्या घरी राहिला, सगळी पोटभर जेवली आणि निवांत झोपली. आता आपणही झोपायचं. छबू तर केव्हाच गेली वाटतं. दिगू, डोळे मीट. काय रे? मी काय बघतेय? तुमच्याकडेच बघतेय, दुसरं काय बघणार. झोपा तुम्ही. मी बसते जरा बघत.